दुसरा आणि चौथा शनिवार

सोडाल्यातल्या त्या छोट्या बागेत उत्कर्षा रविवारी सकाळी यायची ती उन्हासाठी. तिच्या भाड्याच्या खोलीला एकच खिडकी होती, तीही उत्तरेला, आणि जानेवारीत जयपूरची थंडी अशी, की भिंतीला पाठ टेकवली तर भिंतच आपली ऊब ओढून घेते असं वाटावं. म्हणून ती बागेतल्या बाकावर बसून ऊन खायची. तिच्याशी बोलणारं तिथे कुणी नव्हतं. आठवडाभर दुसऱ्यांच्या मुलांना बोलतं करणारी ही स्पीच थेरपिस्ट रविवारी कधीकधी संध्याकाळपर्यंत एक शब्दही उच्चारत नसे. मग दूधवाल्याला ‘आधा लीटर’ म्हणताना स्वतःचाच आवाज तिला परका वाटायचा.

त्या रविवारी झोपाळ्यापाशी एक तरुण एका मुलाला घेऊन उभा होता. मुलगा असेल सहाएक वर्षांचा. झोपाळ्यावर बसायचं सोडून तो साखळीची एकेक कडी बोटानं चाचपत होता.

“बेटा, यह झूला है,” तरुण सांगत होता. “झूला ऊपर जाता है. झूला नीचे आता है.”

हिंदी इतकं शुद्ध, इतकं सावकाश, की उत्कर्षाला हसू आलं. तेवढ्यात शेजारच्या रिकाम्या झोपाळ्याला कुणीतरी ढकलून दिलं आणि मुलगा नेमका त्याच्या वाटेत गेला. तरुणानं झडप घालून त्याला उचललं.

“अरे बाप्पा, काय करून राहिला तू? लागलं असतं ना तुले—”

आणि तो एकदम थांबला. उपासाच्या दिवशी तोंडात काही टाकलेलं आठवावं तसा चेहरा करून त्यानं इकडेतिकडे पाहिलं.

“अकोला?” उत्कर्षानं बाकावरूनच विचारलं.

तो दचकला. मग हसला. “वाशीम. तुम्ही?”

“मिरज.”

“बरं वाटलं ऐकून. पण जरा हळू बोला. आमच्याकडे मराठी बंद आहे.”

“बंद म्हणजे?”

“मतलब… याच्या डॉक्टरांनी सांगितलंय. घरात एकच भाषा ठेवायची. हिंदी.” त्यानं मुलाच्या डोक्यावरची टोपी सारखी केली. “हा निलय, माझा भाचा. याचे वडील नाहीत. माझी ताई, विनया, लष्करात आहे, मेजर. दोन महिन्यांपूर्वी तिची सीमेकडे बदली झाली, म्हणून मी इकडची बदली मागून आलो. आता घरात आम्ही दोघंच, आणि माझं हिंदी तुम्ही ऐकलंत.”

“ऐकलं. आता हवामानाचा अंदाज सांगाल असं वाटलं मला.”

तो मोकळेपणानं हसला. हसताना त्याचा डावा डोळा उजव्यापेक्षा आधी मिटतो हे उत्कर्षाच्या लक्षात आलं. असल्या गोष्टी लक्षात येणं हा तिच्या शिक्षणाचा भाग होता. निदान तिनं स्वतःला तरी तसं सांगितलं.

“मग दिवसभर काय बोलता याच्याशी?”

“काय बोलणार? झूला, पानी, खाना. तेवढं झालं की माझं दुकान बंद. झोपवताना तर काहीच सुचत नाही हिंदीतून.” त्याचं हसू ओसरलं. “आधी हा ‘दे’ म्हणायचा, ‘ये’ म्हणायचा. आता तेही नाही. पण डॉक्टर सांगतात तर धीर धरायला हवा.”

उत्कर्षा बाकावर पुढे सरकली. “कुठले डॉक्टर?”

“इथल्या सी-स्कीम भागातल्या सेंटरमधल्या. डॉक्टर म्हणजे थेरपिस्ट. उत्कर्षा मॅडम म्हणून आहेत. मी नाही पाहिलं त्यांना. माझी बँक शहराबाहेर, बस्सीला, म्हणून याला सांभाळणाऱ्या बाईच सेंटरला घेऊन जातात. ताई म्हणत होती, मॅडम हुशार आहेत, पण घड्याळाकडे बघत बोलतात.”

उत्कर्षानं मनगटावरचं घड्याळ हळूच बाहीत सरकवलं.

“तुमचं नाव नाही सांगितलंत,” तो म्हणाला. “मी राजरत्न.”

“उत्कर्षा.”

तो तिच्याकडे पाहत राहिला… “तसं बऱ्याच जणींचं असतं हे नाव,” तो आशेनं म्हणाला.

“जयपुरात इतक्या जणींचं नसेल.”

त्याचे कान लाल झाले. खरं तर लाजायला हवं होतं ते तिनं. तिला तो प्रसंग आठवला: सेंटरचा व्हरांडा, दोन सत्रांच्या मधली मिनिटं, गणवेशातली एक आई. गणवेशावरच्या नावपट्टीकडे बघायलाही तिला सवड नव्हती. मुलाला तर तिनं त्या एकदाच ओझरतं पाहिलं होतं, पुढची सत्रं सहायकाकडे होती. सवयीनं ती हिंदीत म्हणाली होती, घरात एकच भाषा ठेवा. पुढचं अर्धं वाक्य होतं — ‘जी तुम्हाला सगळ्यात सहज येते ती.’ ते बोलायचं राहून गेलं, कारण दारात पुढचा मुलगा रडत होता. ऐकणारी लष्करातली. तिनं सल्ल्याचा हुकूम केला, सांगितला हिंदीत म्हणून भाषाही हिंदीच धरली, आणि तो भावाकडे सोपवला.

हे सगळं तिनं राजरत्नला सांगितलं, घड्याळाकडे न बघता. “भाषा दोन असल्या म्हणून ऑटिझम असलेल्या मुलाचं काही बिघडत नाही,” ती म्हणाली. “बिघडतं ते घर गप्प झाल्यावर. तुम्ही मराठीच बोला. तुमची, वाशीमची.”

“म्हणजे मराठी चालू?”

“आत्तापासून.”

तो खाली वाकला आणि भाच्याच्या कानाशी बोलायला लागला. काय काय बोलत होता कोण जाणे. साखळी कशी गार लागते, मामाला भूक काहून लागली, घरी जाऊन काय खायचं… दोन महिन्यांचं साठलेलं. निलयनं वर पाहिलं नाही. पण साखळीवरचा हात काढून त्यानं मामाचं कोपर धरलं.

त्या दिवशी परत खोलीवर येताना उत्कर्षाला कळलं, की आज आपण भरपूर बोललो आणि घसा दुखतोय.

*

निलयची शनिवारची सत्रं उत्कर्षानं आता स्वतःकडे घेतली. बँकेला दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी सुट्टी. त्यामुळे महिन्यातले तेवढे दोन दिवस निलयबरोबर बाईंच्याऐवजी राजरत्न यायला लागला. आजवर उत्कर्षा पालकांना काचेबाहेर बसवायची आणि शेवटच्या पाच मिनिटांत बोलून मोकळी व्हायची. त्याला तिनं आत, चटईवर बसवलं.

“समजलं का?” पहिल्याच दिवशी, बरंच काही सांगून झाल्यावर तिनं विचारलं.

“हो.”

“काय समजलं?”

“हेच, की तुम्ही फार भरभर बोलता.”

“चेष्टा नको.”

“चेष्टा नाही. मधले तीन शब्द इंग्रजी होते, त्यांच्यापाशीच मी अडकलो. तोवर तुम्ही पुढे निघून गेलात.”

“मग विचारायचं ना.”

“तुमच्यासमोर?” तो म्हणाला. “कुणी विचारतं का? बाहेर बसलेल्यांना विचारा. सगळे ‘हाँ जी’ म्हणतात आणि घरी जाऊन आपापल्या मनाचं करतात.”

तिनं खरंच बाहेर विचारलं. तो म्हणाला तसंच होतं. त्या आठवड्यापासून तिनं प्रत्येक आईबापाला आत बसवायला सुरुवात केली. तिची सत्रं लांबली, जेवणाची सुट्टी आक्रसली, वरिष्ठांनी कपाळाला आठ्या घातल्या. पण संध्याकाळी खोलीवर जाताना डोक्यात माणसांचे आवाज असायचे. खोली थोडी कमी रिकामी वाटायची.

निलयचा ‘दे’ परत आला. मग ‘उघड’ आला, साबणाच्या फुग्यांच्या डबीसाठी. तो शब्द ऐकला तेव्हा राजरत्ननं उत्कर्षाकडे पाहिलं, आणि दोघंही मग उगाचच दुसरीकडे बघायला लागले.

“तुम्ही जेवता कुठे?” एकदा तो बूट घालता घालता म्हणाला.

“खोलीवर. का?”

“रोज एकट्या?”

“आमच्या शास्त्रात एकटं जेवल्यानं अन्न कमी पचतं असा काही पुरावा नाही.”

“पुरावा नसेल,” तो नाडी बांधत म्हणाला, “पण चव कमी लागते. मी बघितलंय.”

ती हसली. पण ‘या एकदा जेवायला’ असं तो म्हणाला नाही, आणि तिनंही वाट काढून दिली नाही. ज्या मुलावर आपण उपचार करतो त्याच्या घराशी असलं नातं जोडायचं नसतं, हे तिला शिकवलेलं होतं आणि पटलेलंही होतं. पटलेल्या गोष्टीचा त्रास होत नाही असं मात्र नाही. पहिले आणि तिसरे शनिवार तिला आता लांबलचक वाटायचे. बाई निलयला घेऊन यायच्या, सगळं नीट सांगायच्या, आणि उत्कर्षा नीट ऐकायची, तरी तिचं लक्ष सारखं दाराकडे जायचं.

*

फेब्रुवारीतल्या एका शनिवारी सत्र संपलं आणि पाऊस आला. राजस्थानात या हिवाळी पावसाला मावठ म्हणतात. बारीक, गार, अंगाला चिकटणारा. रिक्षा मिळेना. सेंटरसमोरच्या कचोरीवाल्याच्या पत्र्याखाली तिघं उभे राहिले. हिंगाचा वास येत होता. निलय मामाच्या कडेवरून हात लांब करून पागोळी तळव्यावर झेलत होता, आणि पाणी पडलं की प्रत्येक वेळी नव्यानं चकित होत होता.

“मॅडम,” राजरत्न म्हणाला.

“इथे मॅडम नको.”

“मग काय म्हणू?”

पत्रा लहान होता. त्याची ओली बाही तिच्या शालीला लागत होती आणि दोघांपैकी कुणीही बाजूला सरकत नव्हतं.

“एक विचारायचंय,” तो म्हणाला. “एप्रिलपासून याला साध्या शाळेत घालता येईल का? पहिलीत. नेहमीच्या मुलांबरोबर.”

उत्तर तिला माहीत होतं. एवढ्यात नाही. निलयला अजून दोनएक वर्षं रोज थेरपी हवी होती, आठवड्यातून एकदा नव्हे. त्याला छोटा वर्ग हवा होता, आणि शाळा व थेरपी एकाच जागी असतील असं ठिकाण हवं होतं. हे सगळं तिच्या जिभेवर होतं. पण राजरत्नच्या पापण्यांवर पावसाचे थेंब होते आणि चेहऱ्यावर असा काही विश्वास होता… या एवढ्या मोठ्या शहरात तिच्याकडे असं बघणारं दुसरं कुणी नव्हतं. तो चेहरा पडलेला तिला बघवला नसता.

“होईल,” ती म्हणाली. “होईल हो. चांगली प्रगती आहे.”

त्याचा डावा डोळा आधी मिटला, मग उजवा. त्या हसण्यावर तिनं पुढचे दोन आठवडे काढले.

*

दोन आठवड्यांनी तो पेढे घेऊन आला.

“कसले?” तिनं विचारलं.

“ताईकडचे. म्हणजे आणले मीच, पण तिच्या वतीनं.” तो खुशीत होता. “तिला अर्ज करायचा होता, पुण्याच्या बदलीचा. निलयसारखी मुलं असली की सोयीच्या ठिकाणी बदली मागता येते. पण मग तिचा पुढचा कोर्स हुकतो, बढती लांबते. फार दिवस विचारात होती. मी तिला सांगितलं, मॅडम म्हणाल्यात, होईल. एप्रिलपासून साधी शाळा. मग कशाला पुणे? तिनं अर्ज ठेवूनच दिला. बुधवारी मुदत संपते.”

उत्कर्षाच्या हातातला पेढा हातातच राहिला.

पहिल्या वेळी घाईत वाक्य अर्धं राहिलं होतं. या वेळी तिच्याकडे वेळ होता, भाषा होती, ऐकणारा माणूस हाताच्या अंतरावर होता. आणि तरीही तिनं त्याला काहीच सांगितलं नव्हतं. मनात एक क्षण असाही येऊन गेला, की बुधवार जाऊ द्यावा. मग निलय इथेच राहील. हा माणूस दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी येत राहील. कुणालाच कळणार नाही. कदाचित निलयचं बरंही होईल…

चटईवर निलय फुग्यांची डबी तिच्या गुडघ्यावर आपटत होता. “उघड,” तो म्हणाला.

तिनं डबी उघडून दिली. पेढा खाली ठेवला.

“राजरत्न, बसा. मी त्या दिवशी खरं बोलले नाही.”

तिनं सगळं सांगितलं. एकही इंग्रजी शब्द न वापरता, सावकाश. साधी शाळा एवढ्यात नाही. रोज थेरपी लागेल. इथे ती मिळत नाही, पुण्यात मिळते. आत्ताची वर्षं महत्त्वाची आहेत.

तो ऐकत होता. चेहरा पडला, तिला वाटलं होतं तसाच. तिनं नजर हटवली नाही.

“मग तेव्हा का नाही सांगितलंत?” त्यानं अगदी हळू विचारलं. “तेव्हा तर घाई नव्हती.”

“नव्हती.”

“मग?”

“तुमच्या चेहऱ्याकडे बघून.” “तुम्हाला वाईट वाटलेलं मला बघायचं नव्हतं. दुसऱ्या कुणाला मी असं सांगितलं नसतं.”

याचा अर्थ त्याला कळला. कळल्याचं त्याच्या डोळ्यांत दिसलं, आणि त्याच डोळ्यांत रागही होता. मनातली गोष्ट सांगायची ही वेळ नव्हती, पण खरं सांगायचं तर ती वगळून सांगता येत नव्हतं.

“ताईचा आणि याचा… केवढा मोठा निर्णय होता हा,” तो म्हणाला. “आणि मी तिला छाती ठोकून सांगितलं. तुमच्या एका शब्दावर.” त्यानं फोन काढला. “आता तिला तुम्ही सांगा. मधे मी नको, बाई नको, कुणी नको.”

सीमेवरून आवाज तुटत तुटत येत होता. उत्कर्षानं पहिल्यापासून सांगितलं. व्हरांड्यातलं अर्धं वाक्यसुद्धा.

“ठीक आहे,” विनया म्हणाली. “मी काय ऐकलं ते सांगते, चुकलं तर थांबवा. निलय सुधारतोय. साधी शाळा आत्ता नाही. रोज थेरपी, छोटा वर्ग, एकाच ठिकाणी. घरात आमचीच भाषा. बरोबर?”

“बरोबर.”

“आमच्याकडे संदेश आला की तो परत म्हणून दाखवल्याशिवाय मिळाला असं धरत नाहीत. शिपायापासून साहेबापर्यंत कुणीही असो.” ती थांबली. “त्या दिवशी व्हरांड्यात मी ते केलं नाही. पांढऱ्या कोटासमोर सुचत नाही हो माणसाला.”

“मी विचारायला हवं होतं.”

“दोघींनी,” विनया म्हणाली. मग आवाज बदलला. “राजू जवळ आहे का? रागावलाय?”

उत्कर्षानं त्याच्याकडे पाहिलं. “हो,” ती म्हणाली. “खूप.”

“त्याला म्हणावं अर्ज आज जातोय. आणि निलयचा आवाज ऐकवा जरा.”

राजरत्ननं फोन भाच्याच्या तोंडाशी धरला. निलय काही बोलला नाही. पण पलीकडून आई वाशीमच्या मराठीत काहीबाही बोलत राहिली, आणि तो फोनला कान लावून तसाच बसून राहिला.

त्या दिवशी राजरत्न निरोप न घेता गेला. पेढ्यांचा पुडा तिथेच राहिला.

*

मार्चमध्ये विनया आली आणि मुलाला घेऊन पुण्याला गेली. जाण्याआधी उत्कर्षानं पुण्याच्या थेरपिस्टशी दोन वेळा व्हिडिओवर बोलणं केलं, आई आणि मामा दोघांना समोर बसवून. राजरत्ननं निलयबद्दल विचारलं तेवढं सांगितलं. तिला उद्देशून एक वाक्यही नाही. तिनं ते योग्यच मानलं. शेवटच्या दिवशी निलय चटईवरून उठून तिच्यापाशी आला, तिचं कोपर धरून थोडा वेळ उभा राहिला, आणि गेला.

मग चौथा शनिवार आला. निलयचा तास अजून कुणाला दिलेला नव्हता. उत्कर्षा चटई गुंडाळत होती. बाहेर ऊन आता कडक झालं होतं, आणि तिला त्याची गरज राहिली नव्हती.

“मॅडम, निलय के मामाजी आए हैं,” रिसेप्शनवरची मुलगी सांगून गेली.

तो दारात उभा होता. कडेवर मूल नाही, खांद्यावर पिशवी नाही. हातांचं काय करावं हे त्याला कळत नसावं.

“निलय कसा आहे?” तिनं विचारलं.

“बरा आहे. नव्या मॅडमना पहिल्याच दिवशी चावला.”

“चांगलं आहे. ओळख झाली म्हणजे.”

तो हसला नाही, पण हसू अडवल्यासारखं केलं. “तुमची बदली?” तिनं विचारलं. “तुम्हीही जाल ना तिकडे?”

“मागितली तर मिळेल.” तो खिडकीकडे पाहत म्हणाला. “मागितलेली नाही अजून. घरी गेलं की काय बोलावं कळत नाही आता. कुणाशी बोलायचं? चार खोल्या आहेत.”

“राग गेला?”

“नाही. थोडा आहे.”

“थोडा घेऊन चहा प्यायला येता येतं का?”

“आज येता येतं,” तो म्हणाला. “आज मी इथे कुणाचा पालक नाही. म्हणूनच आलो. नाहीतर फोन केला असता.” मग तो जरा घुटमळला. “पण आधी एक विचारतो. हवं तर खिडकीकडे बघून सांगा. माझ्या तोंडाकडे बघू नका, उगाच काहीतरी गोड सांगाल… मी बदली मागू, की नको?”

उत्कर्षानं चटई भिंतीला टेकवली. ती खिडकीकडे वळली नाही. सरळ त्याच्या चेहऱ्याकडे पाहत, प्रत्येक शब्द मोकळा करत ती बोलली.

“मला या शहरात फार एकटं वाटतं. मी हे कुणाला सांगितलेलं नाही. घरीसुद्धा नाही. तुम्ही आलात की वाटत नाही. म्हणून मागू नका. पण निलयची ओढ वाटत असेल तर मागा. दोन्ही खरं आहे.”

बाहेर एक रिक्षा थांबली, निघून गेली.

“चला,” तो म्हणाला.

जिन्यावरून तो अगदी सावकाश उतरत होता. प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय टेकवायचे, मग पुढची पायरी. लहान मुलाबरोबर उतरायची सवय. उजवा हातही नकळत थोडा खाली, थोडा बाजूला धरलेला होता. मधल्या वळणावर त्याला ते जाणवलं. तो थांबला, आपल्या रिकाम्या तळव्याकडे बघत राहिला.

उत्कर्षा एक पायरी खाली उतरली आणि तिनं त्या हातात आपला हात दिला.